बॉल जॉइंट सोडवताना या चुका टाळा

जुन्या गाडीचा बॉल जॉइंट (चाकाकडचा भाग आणि त्याला गाडीशी जोडणारा आर्म यांच्यातला गोळा-वाटीचा सांधा) अडकून बसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता पुलर (स्क्रूच्या दाबाने सांधा सोडवणारं अवजार) घेऊ? खरं तर हा तिसरा प्रश्न. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. हा जॉइंट पुन्हा वापरायचा आहे की टाकून द्यायचा? आणि स्प्रिंगचा जोर कोणत्या आर्मवर आहे? ही दोन उत्तरं हातात असली की अवजार जवळजवळ आपोआप ठरतं. ती न शोधता मिळेल ते अवजार लावलं की बूट (सांध्यावरची रबरी टोपी) फाटतात, आटे चेपतात, आर्म वाकतात. क्लासिक गाडीत जॉइंट एक वेळ मिळतो, पण आर्म किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) मिळेलच याची खात्री नाही.

मुळात हा जॉइंट अडकतो कशाने तेही पाहू. स्टडचा, म्हणजे गोळ्यातून निघणाऱ्या आटे असलेल्या दांड्याचा, निमुळता भाग आर्मच्या किंवा नकलच्या तितक्याच निमुळत्या भोकात बसलेला असतो. हा उतार फार कमी, बऱ्याच गाड्यांत दोन्ही बाजू धरून ७ अंशांच्या आसपास, काही अमेरिकन गाड्यांत १० च्या आसपास. इतक्या कमी उतारावर घर्षणच स्टडला धरून ठेवतं, म्हणून नट काढला तरी तो हलत नाही. तो सुटायला स्टडच्या टोकावर सरळ रेषेत दाब लागतो आणि भोकाभोवतीच्या लोखंडाला एक झटका लागतो. नुसता दाब वाढवत नेला तर अवजार मोडतं. नुसते ठोके देत राहिलं तर तास जातो.

चांगल्या जॉइंटवर फोर्क घालणं

सर्वांत जास्त नुकसान या एका चुकीने होतं. फोर्क म्हणजे दोन बोटांची पाचर. ती आर्म आणि जॉइंटच्या मधे घालायची आणि मागून घणाने ठोकायची. अवजार स्वस्त, काम झटपट, म्हणून नवशिक्यांच्या पेटीत सगळ्यात आधी हेच येतं. पण पाचर बसते ती नेमकी रबरी बुटाच्या जागी. बूट जॉइंटच्या घराला आणि स्टडला चिकटून असतो, तिथे दोन लोखंडी बोटं शिरली की तो चिरतोच. शिवाय पाचर एका बाजूने आर्म आणि दुसऱ्या बाजूने जॉइंटचं घर ढकलते, म्हणजे सगळा जोर आतल्या गोळ्यावर आणि वाटीवर येतो. घणाचा प्रत्येक ठोका गोळ्याला वाटीतून बाहेर ओढतो. पुलरमध्ये तसं होत नाही. त्याचा एक जबडा आर्मला अडतो आणि स्क्रू स्टडच्या टोकाला ढकलतो, गोळ्यापर्यंत तो जोर पोचतच नाही. फोर्क आणि पुलरमधला खरा फरक हा आहे.

पुढे काय होतं ते पुन्हा पुन्हा पाहायला मिळतं. काम असतं बेअरिंगचं किंवा ब्रेक डिस्कचं, जॉइंट चांगलाच असतो, नकल काढायची म्हणून फक्त टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा असाच सांधा) सोडवायचा असतो. फोर्क लागतो, तीन ठोक्यांत जॉइंट सुटतो, सगळे खूश. बुटाच्या घडीत नखाएवढी चीर पडलेली असते. ती वरून दिसत नाही, घडी बोटांनी उघडली तरच दिसते. दिसली तरी ‘ग्रीस भरून टाकू’ म्हणून सोडून दिली जाते. त्या चिरेतून पाणी आणि बारीक रेती आत जाते, ग्रीस राखाडी लगदा होतं, गोळ्यावर गंजाचे ठिपके उठतात. मग पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना करकर ऐकू येते, नंतर चाक दोन्ही हातांनी हलवलं की खडखड जाणवते. बेअरिंगच्या कामातून एक चांगला जॉइंट मेला आणि त्याचा दोष वयाला दिला जातो.

फोर्कला जागा आहे, पण जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तेव्हाच. तिथेही माप जुळलं पाहिजे. तीन फोर्कच्या नेहमीच्या संचात दोन बोटांमधला गाळा टाय रॉडच्या फोर्कचा ११/१६ इंच (साधारण १७.५ मिमी), बॉल जॉइंटचा १५/१६ इंच (साधारण २४ मिमी) आणि पिटमन आर्मचा (स्टिअरिंग बॉक्सला जोडलेल्या आर्मचा) १ १/८ इंच (साधारण २८.५ मिमी) असतो. मोठा फोर्क लहान स्टडवर घातला तर बोटं स्टडपासून लांब, घराच्या कडेला टेकतात. पाचर तिरकी चढते आणि आर्मला वळ पडतो.

जॉइंटचा प्रकार न ओळखता पुलर लावणं

सगळे बॉल जॉइंट टेपरने (स्टडच्या निमुळत्या भागाने) धरलेले नसतात. १९७४ पासूनच्या पहिल्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये खालच्या जॉइंटची पिन सरळ आहे आणि चिरलेल्या घरात एका आडव्या बोल्टने आवळलेली आहे. तिथे पुलरचा काही उपयोग नाही. बोल्ट पूर्ण बाहेर काढा, चीर किंचित रुंदावा, आर्म खाली दाबा. हा बोल्ट पिनच्या खाचेतून जातो, म्हणून तो नुसता सैल करून पिन निघत नाही.

साठच्या दशकातल्या बऱ्याच जनरल मोटर्स गाड्यांत वरचा जॉइंट आर्मला रिव्हेटने जोडलेला आणि खालचा दाबून बसवलेला असतो. क्रायस्लरच्या त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत वरचा जॉइंट आर्ममध्ये आट्यांवर बसतो, त्याला खास मोठं सॉकेट लागतं. जुन्या मिनीत जॉइंट नकलमध्ये घुमटी नटाखाली शिम (पातळ चकत्या) घालून बसवलेला असतो आणि तो नट १ १/२ इंचाच्या सॉकेटने सुटतो. म्हणजे स्टड टेपरमधून सोडवणं आणि जॉइंट त्याच्या जागेवरून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांना दोन वेगळी अवजारं लागतात. टेपरचा पुलर विकत घेऊन त्यानेच जॉइंट आर्ममधून दाबून काढायचा प्रयत्न करू नका.

मोजमाप न घेता पुलर घेणं

मापाचा कॅलिपर घ्या आणि गाडीवरच तीन मापं घ्या: बुटाजवळ स्टडची जाडी, बूट आणि आर्म यांच्यातली मोकळी जागा, आणि आर्मच्या बुटाकडच्या पृष्ठापासून स्टडच्या टोकापर्यंतची उंची. पुलरच्या जबड्याचा गाळा स्टडपेक्षा मिलीमीटर-दोन मिलीमीटरच रुंद हवा. जबडा इतका पातळ हवा की बूट न चेपता आत सरकेल. उंची पुलरच्या तोंडात मावली पाहिजे, वर स्क्रूला थोडी जागाही उरली पाहिजे.

कात्रीसारख्या पुलरला मधल्या खिळीसाठी दोन भोकं असतील तर जोर यायला लागताना दोन्ही जबडे समांतर राहतील ते भोक निवडा. जबडे तिरके राहिले तर जोर येताच पुलर घसरतो आणि बूट घेऊन जातो. अखंड चौकटीचा पुलर अरुंद जागेत जास्त भरवशाचा असतो, पण त्याची उंची ठरलेली असते. कोणताही घ्या, तापवून घडवलेल्या पोलादाचा घ्या. ओतीव चौकट न वाकता एकदम तडकते. आणि एका पुलरमध्ये सगळी गाडी उरकत नाही, टाय रॉडला लहान आणि सस्पेन्शनला मोठा असे दोन लागतातच.

नट पूर्ण काढून टाकणं

ही दुसरी मोठी चूक, आणि इथे माणसाला इजा होते. घाई अशी असते की नट काढायचाच आहे ना, मग आधीच काढून बाजूला ठेवू. त्याचे दोन परिणाम होतात.

पहिला आट्यांवर. उघड्या स्टडच्या टोकावर स्क्रूचा जोर आला की टोक छत्रीसारखं पसरतं. पहिले एक-दोन आटे चेपतात आणि जॉइंट चांगला असूनही नट परत चढत नाही. म्हणून नट स्टडच्या टोकाशी समतल होईपर्यंतच मागे आणा. खाचांचा नट असेल तर तो उलटा करून लावा, म्हणजे सपाट बाजू स्क्रूकडे येते आणि जोर नट व स्टड मिळून घेतात. त्यासाठी त्याच आट्यांचा एक जुना नट पेटीत वेगळा ठेवलेला बरा. स्क्रूच्या टोकाला आणि आट्यांना ग्रीस लावा, कोरडा स्क्रू अर्धा जोर घर्षणात घालवतो.

दुसरा परिणाम स्प्रिंगचा. कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल आणि गाडी चासीखाली स्टँडवर लटकत असेल, तर वरचा किंवा खालचा कोणताही जॉइंट सुटला की आर्म खाली झेपावतो. नट आट्यांवर असेल तर स्टड दोन-तीन मिलीमीटर उडी मारून थांबतो. नट नसेल तर आर्म आणि त्यामागे स्प्रिंग थेट तुमच्या गुडघ्याच्या उंचीला येते. म्हणून जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या शक्य तितका जवळ, आर्म किंचित उचलला जाईल इतका लावा. जॉइंट सुटल्यावर नट काढा, मग जॅक सावकाश उतरवा. डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) आधी काढू नका. काही गाड्यांत आर्म किती खाली येईल ते तोच अडवतो.

स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल, जशी १९६५ च्या फोर्ड मस्टँगमध्ये आहे, तर खालून जॅक लावल्याने जॉइंटवरचा जोर उलट वाढतो. तिथे गाडी चाकांवर उभी असतानाच वरचा आर्म आणि चासी यांच्या मधे कडक लाकडाचा ठोकळा अडकवा, मग गाडी उचला. टॉर्शन बार (कॉइलऐवजी स्प्रिंगचं काम करणारा, पिळला जाणारा दांडा) असेल तर ॲडजस्टर सैल करा, किती वळणं फिरवली ते मोजून लिहून ठेवा आणि शेवटी गाडीची उंची पुन्हा मोजा. स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र असलेला खांब) असलेल्या गाडीत स्प्रिंग स्ट्रटमध्येच कैद असते, तिथे हा धोका नाही.

दाब वाढवतच राहणं

पुलर बऱ्यापैकी घट्ट झाला की थांबा. एक किलोच्या हातोड्याने भोकाभोवतीच्या जाड भागावर, आडव्या बाजूने, एक नेमका ठोका द्या. समोरच्या बाजूला दुसरा, जड हातोडा टेकवून धरा. भोक क्षणभर लंबगोल होतं आणि टेपर ‘टण्ण’ करून सुटतो. नाही सुटला तर दहा मिनिटं दाबाखाली सोडा, स्क्रू पाव वळण आवळा, पुन्हा ठोका. स्टडवर, नटवर किंवा पुलरवर ठोकू नका. आर्म ॲल्युमिनियमचा असेल तर हातोडा बाजूलाच ठेवा, तिथे फक्त पुलर आणि धीर. सुटताना पुलर उडतो, म्हणून तो तारेने आर्मला बांधा, चष्मा लावा आणि स्क्रूच्या रेषेत तोंड आणू नका. इम्पॅक्ट गन स्क्रूवर कधीच नको. हाताला जोर किती झाला ते कळतं, गनला कळत नाही.

गंजावरचं तेल नटाच्या आट्यांना आदल्या रात्री लावा, तिथे ते खरंच काम करतं. घट्ट टेपरच्या आत ते फारसं शिरत नाही, त्यामुळे अडकलेल्या टेपरवर डबा रिकामा करण्यात अर्थ नाही. आणि गॅसची ज्योत तर नकोच. बूट जळतो, बंद जॉइंटमधलं तापलेलं ग्रीस उसळून बाहेर येतं आणि घडीव आर्मची ताकद कुठे कमी झाली ते डोळ्यांना दिसत नाही.

परत बसवताना

टेपरच्या दोन्ही बाजू स्वच्छ आणि कोरड्या हव्यात, ग्रीस नको. नट आवळताना स्टडच फिरत असेल तर खालून जॅकने जॉइंट भोकात दाबून धरा, टेपर पकडेल. आत नायलॉनची कडी असलेला नट असेल तर नवाच वापरा. खाचांचा नट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळल्यावर स्प्लिट पिनचं (नट फिरू नये म्हणून घालायच्या पिनचं) भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा. जुळवण्यासाठी मागे फिरवलेला नट टेपर सैल सोडतो, आणि सैल टेपर भोक खाऊन टाकतो.

ब्रेक कॅलिपर काढला असेल तर तो नळीवर लटकू देऊ नका, तारेने स्प्रिंगला टांगा. टाय रॉड एंड बदलताना जुना किती वळणांत निघाला ते मोजा, नवा तितक्याच वळणांत बसवा. एका टोकाला उलटे आटे असू शकतात, लॉक नट घट्ट होत चालला तर तिथेच थांबून आटे पाहा. वळणं बरोबर मोजली तरी चाकांची दिशा मोजून घ्यावीच लागते, कारण नव्या एंडची लांबी जुन्याइतकीच असेल असं नाही.