केमिस्ट्रीची भीती वाटते? ट्यूबच्या झाकणांपासून सुरुवात करा

परळच्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची) मुलं आमच्याकडे पोस्टिंगला असतात, नर्सिंगच्या मुली वॉर्डातून सॅम्पल घेऊन येतात. जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाला तर आर्ट्सवाल्याही असतात. सगळ्यांचं रडगाणं एकच: फिजिऑलॉजीचं पुस्तक उघडलं की सुरुवातीलाच अणू, आयन, पीएच, आणि तिथेच गाडी अडते. मग बिचारे आवर्त सारणी पाठ करायला बसतात.

नका बसू. ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चारांतच शरीराचं सुमारे ९६ टक्के वजन संपतं. उरलेल्यांपैकी सोडियम, पोटॅशियम, क्लोरीन, कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि लोह ओळखीचे झाले की पहिलं वर्ष निभतं. यातले बरेचसे आमच्या ट्रेमध्येच भेटतात.

आधी आयन

सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या टेस्टची, जांभळ्या झाकणाची ट्यूब घ्या. आत ईडीटीए नावाचं रसायन असतं, म्हणून तिच्यातलं रक्त गोठत नाही. का गोठत नाही, हे कळलं की आयन कळले.

कॅल्शियमच्या अणूत २० प्रोटॉन आणि २० इलेक्ट्रॉन असतात. प्रोटॉन धन, इलेक्ट्रॉन ऋण, म्हणजे हिशेब बरोबर. पण कॅल्शियम बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतो आणि दोन धन भारांचा आयन होतो. सोडियम एक देतो, पोटॅशियमही एकच. क्लोरीन उलट एक घेतो आणि ऋण होतो. मग त्याला क्लोराइड म्हणायचं. रक्तात हे सगळे सुटे, भार घेऊन फिरत असतात. रिपोर्टवर ‘इलेक्ट्रोलाइट्स’ लिहितात ते हेच.

रक्त गोठण्याच्या साखळीत कॅल्शियमचा आयन लागतोच. ईडीटीएचा रेणू त्याला खेकड्यानं नांगीत धरावं तसा पकडून ठेवतो. साखळी तिथेच थांबते. निळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं सायट्रेटही कॅल्शियमच बांधतं, फक्त पकड सैल. पीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची टेस्ट, करताना आम्ही वरून कॅल्शियम घालतो की रक्त पुन्हा गोठायला लागतं.

आता एक कोडं सोडवा. पेशंट वॉर्डात चालतोय, बोलतोय, आणि रिपोर्टला पोटॅशियम भलतंच जास्त, कॅल्शियम भलतंच कमी, अल्कलाइन फॉस्फटेजही कमी. अनुभवी टेक्निशियन डॉक्टरांना फोन करण्याआधी विचारतो, “पिवळ्या ट्यूबला (या टेस्ट जिच्यातून होतात तिला) रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं ओतलं का?” ट्यूबमधला ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतो, म्हणून पोटॅशियम वाढलं. कॅल्शियम त्यानं पकडलं. आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगानं घडवणारं प्रथिन, जस्त आणि मॅग्नेशियम यांच्याशिवाय काम करत नाही. तेही त्यानं ओढून नेले. या एका रिपोर्टमध्ये तुमचे आयन, क्षार आणि एन्झाइमला लागणारी धातूंची साथ, तिन्ही धडे आले.

मग पोटॅशियम कुठे राहतं ते बघा

रक्तद्रवात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५, सोडियम १३५ ते १४५ (मिलिमोल प्रति लिटर, हे एकक पुढे येतंच). पेशीच्या आत बरोबर उलटा कारभार: पोटॅशियम १४० च्या आसपास, सोडियम थोडंसंच. ही तफावत टिकवायला पेशीच्या पडद्यात पंप असतो. तीन सोडियम बाहेर काढतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करतो. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला, १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेही केमिस्ट्रीचं, म्हणून फिजिऑलॉजीत केमिस्ट्री कशाला असं विचारू नका.

म्हणूनच बारीक सुईनं जोरात ओढलेलं सॅम्पल आम्ही परत पाठवतो आणि सिस्टर चिडतात. तांबड्या पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं. सॅम्पल सेंट्रिफ्यूज न करता (मशीनमध्ये गरगर फिरवून पेशी वेगळ्या न करता) रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तरी तेच, थंडीत पंप मंदावतो आणि पोटॅशियम झिरपत राहतं. पेशी एकही फुटलेली नसते, सीरम (पेशींवरचा द्रव) स्वच्छ दिसतं आणि आकडा खोटा.

एकक म्हणजे काय, ते बाटलीवर वाचा

‘मोल’ला घाबरणारे खूप. एक मोल म्हणजे त्या पदार्थाच्या रेणुभाराइतके ग्रॅम, बस. नॉर्मल सलाईनची बाटली उचला. ०.९ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ, लिटरमध्ये ९ ग्रॅम. सोडियमचं अणुभार २३, क्लोरीनचं ३५.५, बेरीज ५८.५. नऊला ५८.५ नं भागा: ०.१५४ मोल, म्हणजे १५४ मिलिमोल. बाटलीवर सोडियम १५४, क्लोराइड १५४ छापलेलं असतं ते इथून आलं. साखरेसाठी हाच हिशेब: ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणून ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ५ मिलिमोल प्रति लिटर. हे दोन हिशेब स्वतःच्या हातानं केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऑस्मॉसिस, म्हणजे पडद्यातून पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे जाणं, बघण्यासाठी सरांना सांगून दोन टेस्ट ट्यूब मागा. एकीत सलाईन, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर, दोन्हींत एकेक थेंब रक्त, हातमोजे घालून. सलाईनची ट्यूब गढूळ राहते, तिच्यामागे धरलेली अक्षरं वाचता येत नाहीत. पाण्याची ट्यूब बघता बघता लालसर पारदर्शक होते आणि अक्षरं दिसायला लागतात: पाणी पेशींत शिरलं, पेशी फुगून फुटल्या. नुसतं पाणी शिरेतून का देत नाहीत, हे यानंतर पाठ करावं लागत नाही.

पीएच, सगळ्यात शेवटी

पुस्तकं हा भाग आधी घेतात. माझ्या मते चूक. आयन आणि एकक झाल्यावर तो सोपा जातो. पीएच म्हणजे हायड्रोजन आयन किती, त्याचं माप. आकडा एकानं उतरला की आयन दहापट वाढले. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५. ७.४ ला हायड्रोजन आयन लिटरमध्ये फक्त ४० नॅनोमोल (नॅनोमोल म्हणजे मिलिमोलचा दहा लाखावा भाग). सोडियम त्याच्या सुमारे ३५ लाख पट. इतक्या थोड्या आयनांवर एवढा पहारा, कारण प्रथिनांचा आकार त्यांच्यावर ठरतो आणि आकार बदलला की काम बिघडतं.

पहारा मुख्यतः बायकार्बोनेटचा. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल होतं, त्यातून हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट सुटतात. ही क्रिया दोन्ही दिशांनी चालते. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, मूत्रपिंड बायकार्बोनेट सांभाळतं. श्वास रोखून धरलात तर थोड्याच वेळात जीव कासावीस होतो, तो मुख्यतः हा वायू साठल्यामुळे, ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. एबीजीच्या (धमनीच्या रक्तातले वायू आणि पीएच मोजायच्या टेस्टच्या) सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर आम्ही ओरडतो तेही याचसाठी. वायू बुडबुड्यात निसटतो आणि पीएच खोटा वाढतो.

कर्बोदकं, मेद, प्रथिनं, न्यूक्लिइक आम्लं यांच्या लांबलचक आकृत्या आत्ता नकोत. एक अमिनो आम्ल तेवढं काढून बघा: एका टोकाला अमिनो गट, दुसऱ्या टोकाला आम्लाचा. आणि राखाडी झाकणाची ट्यूब विसरू नका. तांबड्या पेशी ट्यूबमध्येही साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के, मे महिन्यात बिना एसीच्या खोलीत त्याहून जास्त. त्या ट्यूबमधलं फ्लोराइड साखर फोडणाऱ्या साखळीतलं एक एन्झाइम अडवतं. त्या एन्झाइमचं नाव एनोलेज. ग्लायकॉलिसिसच्या (साखर फोडणाऱ्या याच साखळीच्या) तक्त्यात ते शोधा आणि त्याच्याभोवती लाल पेनानं गोल करा, तोंडी परीक्षेत विचारतात.