अपग्रेडनंतर ऑटोएफएस रुसलं? या चुका टाळा

उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर उडी मारली, मशीन छान उठलं, पण सर्व्हरवरचं फोल्डर उघडेना. असं फोल्डर गरज पडताच आपोआप जोडणारी, म्हणजे माउंट करणारी, लिनक्सची सर्व्हिस म्हणजे ऑटोएफएस. अशा वेळी बरेच जण हाताने माउंट करतात, फोल्डर दिसलं की हात झटकतात आणि रीबूटनंतर पुन्हा तिथेच येतात. हाताने माउंट होतंय याचा अर्थ एवढाच, की नेटवर्क आणि सर्व्हर धड आहेत. घोळ ऑटोएफएसच्या नोंदींत आहे.

सगळ्यात पेटंट चूक म्हणजे अपग्रेड मध्येच थांबून प्रश्न विचारतो तेव्हा घाईने 'वाय' दाबणं. ऑटो.मास्टर ही ऑटोएफएसची मुख्य फाइल तुम्ही बदललेली असते, म्हणून तो विचारतो: तुमची ठेवू की पॅकेजची टाकू? 'वाय' म्हटलं की कोरी फाइल बसते आणि लॉगमध्ये 'नो माउंट्स इन टेबल' दिसतं. जुनी फाइल कुठे जात नाही, त्याच डिरेक्टरीत '-ओल्ड'ने संपणाऱ्या शेपटीसह पडलेली असते. 'डी' दाबून फरक बघायला अर्धं मिनिट लागतं, पण तेवढाही धीर नसतो. खरी सवय अशी हवी, की मूळ फाइलला हातच लावायचा नाही. आपल्या नोंदी ऑटो.मास्टर.डी या डिरेक्टरीत वेगळ्या फाइलमध्ये ठेवायच्या. फाइलचं नाव .ऑटोएफएस ने संपायलाच हवं, नाहीतर ती वाचलीच जात नाही.

दुसरी चूक कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. अपग्रेड फसलं, नवीन इन्स्टॉल केलं, पेनड्राइव्हवरचा बॅकअप परत कॉपी केला. मॅप (कुठलं फोल्डर कुठून जोडायचं ते सांगणारी फाइल) अक्षरन् अक्षर बरोबर, सर्व्हिस चालू, तरी फोल्डर येत नाही. मग सर्व्हर तपासा, फायरवॉल बंद करा, डीएनएसला शिव्या घाला, अख्खा दिवस जातो. कारण भलतंच असतं. पेनड्राइव्ह एक्सफॅट या फॉरमॅटचा. तिथे लिनक्सच्या परवानग्या साठवल्याच जात नाहीत, त्यामुळे परत आणलेली फाइल ७५५, म्हणजे एक्झिक्युट (चालवण्याची) परवानगी असलेली होऊन येते. मॅपला एक्झिक्युट परवानगी दिसली, की ऑटोएफएस ती वाचत नाही, प्रोग्रॅम समजून चालवायला जातो. हाती काहीच लागत नाही. लॉगमध्ये 'लूकअप(फाइल)' ऐवजी 'लूकअप(प्रोग्रॅम)' दिसलं, की चोर सापडला. परवानगी ६४४ (एक्झिक्युटशिवाय) करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा.

हे दिसायला लॉग वाचावा लागतो. सर्व्हिस थांबवा, रूट म्हणून 'ऑटोमाउंट -एफ -व्ही' चालवा (दोन्ही अक्षरं स्मॉल) आणि दुसऱ्या टर्मिनलमधून फोल्डरमध्ये शिरा. कुठे अडतंय ते समोरच छापून येतं.

'एलएस केलं (यादी मागितली), रिकामं दिसलं' ही तक्रारच नव्हे. ब्राउझ मोड (न जोडलेल्या फोल्डरांचीही नावं दाखवणारी सोय) बंद असेल तर नाव घेऊन सीडी केल्याशिवाय, म्हणजे आत शिरल्याशिवाय, काही दिसत नाही.

'राँग एफएस टाइप' आलं तर एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची पद्धत) साठी लागणारं एनएफएस-कॉमन पॅकेज उडालंय. रेड हॅटवर एनएफएस-युटिल्स बघा.

मॅपमध्ये 'प्रोटो=यूडीपी' असेल तर काढा. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.६ पासून एनएफएसचं यूडीपी मुळात बंदच असतं.

जुन्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेला फाइली साठवायचा बॉक्स) 'होस्ट इज डाउन', एरर ११२ आलं तर बॉक्सला पिंग करून बघा, तो बहुधा जिवंत असतो. कर्नल ४.१३ पासून एसएमबी १ (विंडोज पद्धतीच्या फोल्डर-शेअरिंगची जुनी आवृत्ती) आपोआप वापरलं जात नाही आणि नॅसला तेवढंच येत असतं. 'व्हर्स=१.०' टाका, म्हणजे एसएमबी १ च वापरा, आणि मोकळे व्हा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण २०१७ चा वॉनाक्राय हा व्हायरस एसएमबी १ च्याच दारातून पसरला होता. नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ सुरू करा. तो पर्यायच नसेल तर बॉक्स बदला.

फाइलींचा मालक 'नोबडी' दिसतोय? एनएफएसमध्ये दोन्हीकडच्या आयडीमॅपडी.कॉन्फ (वापरकर्त्यांची नावं जुळवणारी फाइल) मधलं डोमेन जुळवा, मग 'एनएफएसआयडीमॅप -सी'ने कॅश पुसा. ती पुसली नाही, तर बरोबर दुरुस्तीनंतरही बराच वेळ नोबडीच दिसत राहतो.