स्विच पॅनल झकास, पण बटण तापायचं

टोमॅटो घेऊन वाशीला निघालो की माळशेज घाटात पावसाळ्यात धुकं असं दाटतं, पुढचा टेम्पो दिसत नाही. म्हणून पिकअपला दोन फॉग लॅम्प बसवून घेतले आणि डॅशबोर्डवर सहा बटणांचं पॅनल. आठवड्यातच बटण तापायला लागलं, जळकट वास येऊ लागला.

पॅनल उघडलं तर सगळा करंट बटणातूनच! एक बल्ब 55 वॅटचा, दोन म्हणजे 110. 12 व्होल्टला भागलं की 9 अँपियरच्या वर. आणि वायर? घरच्या बेलला असते तेवढी बारीक.

आधी बॅटरीचं मायनस काढलं. चार पायांची रिले आणली, म्हणजे बटणाच्या थोड्याशा करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या प्लसपासून वीतभरावर 15 अँपियरचा फ्यूज, तिथून 2.5 स्क्वेअर एमएमची वायर रिलेच्या 30 नंबरच्या पायाला, 87 वरून दिवे. 86 ला बटणाची वायर, 85 बॉडीला. बटणाचा सप्लाय चावी फिरवल्यावरच येणाऱ्या फ्यूजवरून घेतला. नाहीतर दिवे चालू राहिले की पहाटे धक्का मारायला माणसं शोधा.

एवढं करूनही डावा दिवा मिणमिणतच होता. अर्धा दिवस त्यातच गेला. अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला! पॉलिश पेपरने पत्रा घासला, वायरच्या टोकाचं धातूचं थिंबल नीट दाबून बसवलं, वर थोडं ग्रीस. लख्ख.

इंजिनकडून केबिनमध्ये वायर येते त्या भोकात रबरी ग्रोमेट घातलं, पत्र्याची धार वायर कापते.

उरलेली पाच बटणं रिकामीच आहेत. पोरगा म्हणतो, एकावर म्युझिकल हॉर्न लावा. मी ऐकलं नाही.