शहरी आरोग्याचं संशोधन धोरणात का उतरत नाही? या चुका टाळा

अहवाल आवक-जावकच्या खिडकीत दिला, पोचपावतीवर शिक्का मिळाला, आयुक्तांसोबत फोटोही निघाला. दोन वर्षांनी तोच अहवाल कुठल्याशा कपाटाच्या वरच्या फळीवर सापडतो. दोष प्रशासनाला देणं सोपं असतं. पण बऱ्याचदा घोळ आपणच करून ठेवलेला असतो.

अहवाल चुकीच्या टेबलावर ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गोवंडी-मानखुर्दकडे बघा. मुंबईतल्या रस्ते-रेल्वे प्रकल्पांत घरं गेलेली कुटुंबं लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, पीएमजी कॉलनी अशा वसाहतींत हलवली गेली. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या स्वयंसेवी संस्थेने आयआयटी मुंबईतल्या अभ्यासकांच्या साथीने या तिन्ही वसाहती तपासल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की मध्ये जेमतेम तीन मीटर जागा उरते. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते आणि खिडकी उघडली की समोरच्याची भिंत. क्षयाचं प्रमाणही तिथे जास्त. पीएमजीत इमारतींमध्ये मोकळी जागा बरी, तिथे क्षय कमी.

आता हा अहवाल कुणाकडे न्याल? क्षयरोग म्हटलं की पाय आपोआप आरोग्य खात्याकडे वळतात. तिथले डॉक्टर मनापासून वाचतील, फार तर तपासणीची शिबिरं वाढवतील. दोन इमारतींत किती अंतर सोडायचं हे मात्र त्यांच्या हातात नाही. ते ठरतं विकास नियंत्रण नियमावलीत, आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना त्यात सवलती आहेत. त्या बदलायच्या तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याखाली फेरबदलाचा प्रस्ताव, मग जाहीर हरकती-सूचना आणि शेवटी राज्याच्या नगरविकास विभागाची मंजुरी. म्हणजे रोग एका खात्याचा आणि त्याचं कारण दुसऱ्याच खात्याचं.

म्हणून शिफारशी लिहिण्याआधी एका कागदावर उतरवून काढा: नेमका कोणता नियम, कोणतं कलम, कुणाची सही. ‘घरांत हवा खेळती राहावी’ या वाक्यावर कुणालाच सही करता येत नाही. ‘पुनर्वसन इमारतींमधल्या अंतराची सवलत काढा’ यावर करता येते, किंवा नाकारता येते. नकारही चालेल, निदान तो नस्तीत, म्हणजे सरकारी फाइलीत, नोंदला जातो.

अर्थसंकल्प होऊन गेल्यावर पोहोचणं

आमचाच किस्सा. एका महापालिकेत आम्ही वस्तीतल्या दवाखान्यांची पाहणी केली आणि अहवाल घेऊन गेलो मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. समोरच्या अधिकारी बाईंनी चहा मागवला, शेवटची दोन पानं तेवढी वाचली आणि विचारलं, “हे कुठल्या लेखाशीर्षात टाकू?” म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खर्चाच्या शीर्षकाखाली. आमच्याकडे उत्तर नव्हतं. १४० पानं होती, रंगीत नकाशे होते, लेखाशीर्ष नव्हतं. मुंबईत आयुक्त अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच मांडतात. खात्यांची जुळवाजुळव त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. दिवाळीच्या आगेमागे पोहोचलात तर जागा मिळते. मार्चमध्ये मिळतो तो चहा.

शहराची सरासरी काढणं

जुलै २०२० मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी तीन वॉर्डांत रक्तातल्या कोविड प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) पाहणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं. या दोन आकड्यांची सरासरी काढली असती तर जी मुंबई दिसली असती ती अस्तित्वातच नाही. नगरसेवकाला तर त्याच्या प्रभागाचाच आकडा लागतो. तो द्या, म्हणजे सभागृहात तुमच्या वतीने बोलणारं कुणीतरी असेल.

आकडा देऊन मोकळं होणं

अहमदाबादेत हे वेगळं घडलं. मे २०१० मधल्या उष्णतेच्या लाटेत, आधीच्या आणि नंतरच्या वर्षांच्या तुलनेत, १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं अभ्यासातून निघालं. आकडा हादरवणाराच, पण नुसत्या हादऱ्यावर भागलं नाही. गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेचे अभ्यासक महापालिकेसोबत बसले आणि २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आला. तापमानाच्या कुठल्या टप्प्याला कोणता रंग आणि त्या रंगाला कुणी काय करायचं, हे त्यात ठरवून दिलं. इशारा आला की कोणी कोणाला फोन करायचा इथपर्यंत.

अहमदाबादेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र फार लहान आहे. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष वरच्या, छत तापणाऱ्या मजल्यावर होता. तो खाली हलवला, आणि उन्हाने आजारी पडून दाखल होणारी बाळं कमी झाली. असे बदल आपल्या शिफारशींत फारसे नसतात, कारण ते शोधनिबंधात शोभत नाहीत.

उत्तर आलं नाही की गप्प बसणं

अधिकाऱ्याची बदली होते, नवा माणूस येतो आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्याऐवजी दर भेटीत नस्ती क्रमांक मागा आणि बैठकीचं इतिवृत्त तुम्हीच त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवा. त्या बाईंकडे आम्ही पुढच्या ऑक्टोबरात परत गेलो. या वेळी एकच पान होतं, वर लेखाशीर्ष, खाली खर्च. चहा आला नाही. त्यांनी कोपऱ्यात पेन्सिलीने नस्ती क्रमांक लिहिला आणि पान शिपायाकरवी लेखा विभागात पाठवलं.