दारू सोडायच्या मीटिंगला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

सगळ्यात आधी तब्येतीचं बोलू. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांतच फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास व्हायला लागतात, माणूस बरळतो, ताप चढतो, हे जिवावर बेतू शकतं. त्यामुळे पिणं रोजचं असेल, सकाळी हात थरथरत असतील, आधी कधी फिट आली असेल तर पहिला फोन डॉक्टरांना. औषधं देऊन अंगातली दारू नीट उतरवता येते, मीटिंग त्याच्या बरोबरीने चालू द्या, पण मीटिंग म्हणजे उपचार नाही हे पक्कं लक्षात ठेवा.

आता मीटिंग शोधायची कशी. दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा सगळ्यात पसरलेला ग्रुप म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, सगळे एए म्हणतात, 1935 पासून चालू आहे. त्यांच्या वेबसाइटवर वार आणि वेळेप्रमाणे यादी मिळते, हेल्पलाइन आहे, मीटिंग गाइड नावाचं फुकट अॅपही आहे. नाहीतर डॉक्टरांना किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारा, त्यांना बहुतेक माहिती असते. यादीत ओपन आणि क्लोज्ड असं लिहिलेलं असतं ते नीट बघा. ओपनला कोणीही येऊ शकतं, बायको, नवरा, भाऊ, मित्र. क्लोज्ड फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायचीय त्याच्यासाठी. फक्त बायकांच्या, नवीन लोकांच्या, ऑनलाइन अशाही मीटिंग असतात. आणि निघायच्या आधी एक फोन करून वेळ-जागा कन्फर्म कराच, कारण जागा बदलतात, आणि एवढी हिंमत करून गेलेला माणूस बंद दारावरून परत आला की पुन्हा निघेलच असं नाही.

पात्रता एकच, दारू सोडायची इच्छा. फॉर्म नाही, फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. शेवटी देणगीसाठी पिशवी किंवा डबा फिरतो, नवीन माणसाने काही टाकलं नाही तरी कोणी बघत नाही.

मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. सुरुवातीला थोडं वाचन होतं, मग एकेक जण आपलं सांगतो, प्यायचो कसा, थांबलो कसा, आज कसं चाललंय, याला शेअरिंग म्हणतात. एकाचं शेअरिंग चालू असताना मध्ये बोलायचं नाही, आणि संपल्यावर त्याला सल्लेही द्यायचे नाहीत असा रिवाज आहे, म्हणून सुरुवातीला जरा वेगळंच वाटतं, पण त्यामुळेच लोक मोकळं बोलू शकतात. तुमची पाळी आली तर "मी अमुक, आज फक्त ऐकतो" एवढं पुरे. तिथे ऐकलेलं आणि तिथे दिसलेला माणूस, दोन्ही बाहेर न्यायचं नाही.

खरी मदत मात्र मीटिंगच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची वीस मिनिटं यात असते असं माझं ठाम मत आहे! शेवटची खुर्ची पकडून बसायचं आणि संपल्या संपल्या पळायचं असं केलं तर फार कमी हाती लागतं. थांबा, "मी नवीन आहे" म्हणा, दोन-तीन नंबर घ्या, आणि प्यावंसं वाटायच्या आधीच, साध्या दिवशी, एकदा फोन लावून बघा. सवय नसेल तर तलफ आल्यावर अनोळखी माणसाला फोन लागतच नाही हातून.

एकाच मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा, कुठे सगळे वयस्कर, कुठे नुसतं पुस्तक वाचन, कुठे हसणं-खिदळणं. पाच-सहा वेगवेगळ्या बघा मग ठरवा. देवाचा उल्लेख खटकत असेल (एएच्या 12 पायऱ्यांमध्ये, म्हणजे सावरायच्या त्यांच्या टप्प्याटप्प्याच्या कार्यक्रमात, तो आहे, आपल्याला जसा समजेल तसा देव असं म्हणतात) तर नास्तिक लोकही एएमध्ये आहेतच. तरी नाहीच जमलं तर स्मार्ट रिकव्हरी आहे, 1994 पासूनची, तिथे विचार आणि सवयी बदलायच्या मानसशास्त्रीय पद्धती शिकवतात, एकमेकांशी चर्चा चालते आणि स्पॉन्सर वगैरे नसतो.

स्पॉन्सर म्हणजे आधी सावरलेला मेंबर जो तुम्हाला पायऱ्यांमधून नेतो. घाई नको, ज्याचं बोलणं पटतं त्याला विचारा, बायकांनी बाई आणि पुरुषांनी पुरुष निवडावा असं सुचवतात आणि ते बरोबरच आहे, कारण नव्या, हळव्या अवस्थेतल्या माणसाशी सलगी करणारेही कुठे कुठे भेटतात. कोणी डिप्रेशनच्या गोळ्या बंद कर म्हणालं तर अजिबात ऐकू नका, तो निर्णय डॉक्टरांचा.

मध्येच प्यायलात, म्हणजे स्लिप झाली, तर पुढचीच मीटिंग गाठा. लाजेने आठवडाभर घरी बसलात की तो आठवडा पिण्यातच जातो. प्यायलेल्या माणसालाही बहुतेक ठिकाणी बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलायचं नाही, ऐकायचं, आणि गाडी घरी ठेवून कोणाला तरी सोबत घेऊन जायचं.

आणि घरच्यांनो, तो जायला तयार होईल याची वाट बघत बसू नका. अल-अनॉन हा पिणाऱ्याच्या घरच्यांचा ग्रुप तुमच्यासाठीच आहे, 1951 पासून. त्याची दारू चालू असली तरी तुम्ही जाऊ शकता, त्याला सांगून किंवा न सांगता.