जपानी घरी पाहुणे म्हणून जाताना

जपानमध्ये लोक एकमेकांना बहुधा बाहेर, उपाहारगृहातच भेटतात; त्यामुळे कोणी घरी बोलावले, तर तो आपलेपणा ओळखून तयारीने जावे. पायांत स्वच्छ आणि धड मोजे असावेत. सोबत 'तेमियागे', म्हणजे छोटीशी भेट न्यावी. मात्र चार नगांचा संच टाळावा, कारण जपानीत 'चार' आणि 'मृत्यू' या दोन्हींसाठी 'शि' हा उच्चार आहे.

दारातून आत शिरताच जी सखल जागा लागते, ती 'गेन्कान'. रस्त्याची धूळ येथेच थांबते आणि माझ्या मते पुढचे बहुतेक रिवाज या एका जागेवरून उलगडतात. येथे उभे राहून 'ओजामा शिमासु', म्हणजे 'आपल्याला व्यत्यय आणतो आहे', असे म्हणावे. मग घराकडे तोंड ठेवूनच बूट काढावेत आणि मोजे खालच्या फरशीला न टेकवता थेट वर पाऊल ठेवावे. वर गेल्यावर यजमानांकडे पूर्ण पाठ होणार नाही असे जरा तिरके बसून, बुटांची टोके हाताने दाराकडे वळवावीत आणि जोड कडेला सरकवावा. आधीच वळून बूट काढणे सोपे वाटते खरे, पण तसे केल्यास स्वागताला उभ्या असलेल्या माणसाकडेच आपली पाठ होते.

आत मिळालेल्या सपाता लाकडी जमिनीपुरत्याच वापराव्यात. तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या खोलीत शिरण्यापूर्वी त्या काढाव्यात आणि चटईच्या कापडी काठावर पाय देऊ नये. शौचालयासाठी अनेक घरांत वेगळ्या सपाता असतात. त्याच घालून बैठकीत परतणे ही नवख्याची हमखास चूक. भेटवस्तू खोलीत बसल्यावर, पिशवीतून काढून, दोन्ही हातांनी द्यावी.

जेवणापूर्वी 'इतादाकिमासु', म्हणजे 'नम्रपणे स्वीकारतो', असे म्हणावे. चॉपस्टिक भातात उभ्या खोवू नयेत, कारण मृताला वाहिलेल्या भातात त्या तशा खोवतात. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घासही देऊ नये. दहनानंतर नातलग अस्थी अशाच उचलतात, त्यामुळे शोक ताजा असलेल्या घरात ही चूक फार खोल लागते.

मुक्काम असल्यास स्नानाच्या वेळी अंग टबाबाहेरच साबणाने धुऊन, साबण पूर्ण काढून मगच टबात उतरावे. ते गरम पाणी घरातील सर्वांसाठी असते, म्हणून बाहेर आल्यावर ते सोडून न देता टबावर झाकण ठेवावे.