आसनात पाऊल नीट टेकावे म्हणून: सेन्सरचे मोजे आणि योगपँट कशी वापरावी

उभ्याने करायच्या आसनांत गुडघा, कंबर आणि पाठ यांविषयी सूचना भरपूर मिळतात. पावलाविषयी मात्र ‘घट्ट रोवा’ यापलीकडे फारसे कोणी बोलत नाही. एका पावलात 26 हाडे असतात आणि त्यांनी मिळून तीन कमानी बनतात: आतल्या कडेची लांब आणि उंच, बाहेरच्या कडेची बसकी, आणि चवड्याखाली आडवी. आतली कमान खचली की नडगी आत वळते, तिच्यामागून गुडघाही आत झुकतो, आणि वीरभद्रासनात शिक्षक ज्या गुडघ्यावरून टोकतात त्याचे मूळ बऱ्याचदा तळव्यात असते. हे मूळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सेन्सर बसवलेले कपडे येथे खरोखर कामाला येतात.

असे कपडे दोन प्रकारचे असतात आणि घेण्यापूर्वी त्यांतला फरक समजून घ्यावा. सेन्सोरिया या कंपनीच्या मोज्यांसारख्या प्रकारात टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ या तीन जागी दाब ओळखणारे कापड असते. दाब वाढला की त्या कापडाचा विद्युतरोध बदलतो, हा बदल चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यांसारख्या वाहक धाग्यांतून घोट्याजवळच्या छोट्या यंत्राकडे जातो आणि तेथून ब्लूटूथने मोबाईलवर दिसतो. दुसरा प्रकार 2017 साली बाजारात आलेल्या ‘नाडी एक्स’ या योगपँटचा. तिच्यात नितंब, गुडघे आणि घोटे यांपाशी हालचाल ओळखणारे सेन्सर असतात आणि ती हलक्या कंपनाने त्या त्या भागाकडे लक्ष वेधते. थोडक्यात, पँट अवयवाची स्थिती ओळखते आणि मोजा भार कोठे पडतो ते सांगतो. पाऊल सुधारणे हाच हेतू असेल तर माझ्या मते मोजे घ्यावेत.

मोजे घालण्यापूर्वी स्वतःच्या पावलाची ओळख करून घ्यावी. तळवा ओला करून कोरड्या लाल सिमेंटच्या जमिनीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर सहज उभे राहावे आणि बाजूला होऊन ठसा पाहावा. टाच आणि चवडा यांना जोडणारा पट्टा अगदी अरुंद असेल किंवा मध्येच तुटला असेल तर कमान उंच आहे. संपूर्ण तळवा उमटला असेल तर ती बसकी आहे. बसकी दिसल्यास भिंतीचा आधार घेऊन चवड्यांवर उठावे. तेव्हा कमान वर आली तर पाऊल लवचीक आहे आणि सरावाने त्यात फरक पडू शकतो. कमान मुळीच वर आली नाही, किंवा उठताना दुखले, तर यंत्रावर पैसे घालण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मोजे वापरू नयेत. आतली एखादी शिवण घासून जखम झाली तरी ती कळणार नाही.

सराव घरातल्या सपाट फरशीवर करावा. गोव्यातल्या मांद्रे, मोरजी किंवा मिरामारच्या वाळूवर आसने करण्यात आनंद आहे, पण वाळू पावलाच्या आकाराप्रमाणे दबते, भार सगळीकडे पसरतो आणि मोज्याचे आकडे फसवे येतात. जाड, मऊ मॅटनेही काहीसे असेच होते. मात्र मोजे फरशीवर घसरतात, म्हणून तळाला रबरी ठिपके असलेलेच निवडावेत, किंवा पातळ, पकड असलेली मॅट घ्यावी. कापडी सेन्सर शरीराच्या उष्णतेने आणि ताणाने थोडे बदलतात. त्यामुळे मोजे घालून काही मिनिटे चालावे आणि मगच शून्य लावावे, म्हणजे भार नसतानाचे आकडे शून्यावर आणावेत. शून्य लावताना खुर्चीवर बसून पाय उचललेले असावेत.

पहिले आसन ताडासन. पावले समांतर ठेवून नेहमीप्रमाणे उभे राहावे, काही श्वास होऊ द्यावेत आणि मगच पडद्याकडे पाहावे. आधी पाहिले तर शरीर लगेच शहाण्यासारखे वागते आणि खरी सवय लपते. भार अंगठ्याच्या बाजूला झुकला असेल तर बोटे न आखडता चवडा टाचेकडे किंचित ओढल्यासारखा करावा. कमान उचलली जाते आणि करंगळीच्या मुळाशी असलेला आकडा वाढू लागतो. अंगठा मात्र जमिनीवरून सुटता कामा नये. कमान उचलण्याच्या नादात पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडणे ही येथली सर्वांत मोठी चूक आहे, आणि मोजा ती ताबडतोब दाखवतो.

वीरभद्रासन दोनमध्ये पुढच्या आणि मागच्या पावलांना वेगळे काम असते. पुढच्या पावलाच्या तिन्ही जागांवर भार असावा. मागच्या पावलाची बाहेरची कड आणि टाच दाबलेली राहावी. त्रिकोणासनात खाली झुकताना पुढच्या पावलाच्या अंगठ्याचे मूळ हलके होते, तेव्हा हात जमिनीपर्यंत नेण्याचा हट्ट सोडून तो नडगीवर ठेवावा. वृक्षासनात आकडे सतत हलतात आणि ते हलायलाच हवेत. घोटा क्षणोक्षणी तोल सावरत असतो. तेथे आकडा स्थिर करायला जाऊ नये, केवळ एकाच बाजूला वारंवार झुकणे होते का तेवढे पाहावे. अधोमुख श्वानासनात टाचेचा आकडा शून्य आला म्हणून टाच खाली रेटू नये. पोटऱ्या आखडलेल्या असतील तर टाच वर राहणारच.

यंत्र भार सांगते, आसन बरोबर की चूक हे सांगत नाही. म्हणून प्रत्येक आसन आधी पडदा पाहून, मग डोळे समोर ठेवून, आणि शेवटी मोजे काढून अनवाणी करावे. अनवाणी तळव्याला तीच जागा ओळखता आली पाहिजे. ती ओळख येऊ लागली की मोजे आठवड्यातून एकदा पडताळणीपुरते वापरावेत. रोज घातले तर तळव्याऐवजी मोबाईलवर विसंबण्याची सवय लागते.

गोव्यात या कपड्यांचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. योगदिन 21 जूनला, म्हणजे पावसाळ्यातच येतो, आणि त्या दिवसांत घरातले साधे कपडेही वाळत नाहीत. घामाने भिजलेल्या मोज्यात ओल एका धाग्यातून दुसऱ्यात वीज नेते आणि आकडे भलतेच येतात. ते कोरडे झाल्याशिवाय पुन्हा घालू नयेत. घोट्यावरचे यंत्र काढून मोजे गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावेत, पिळू नयेत; टॉवेलात दाबून पाणी टिपावे आणि पंख्याखाली सावलीत वाळवावेत. ब्लीच आणि कपडे मऊ करणारे द्रव वापरू नयेत, कारण त्यांनी चांदीचा मुलामा खराब होतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ते खाऱ्या वाऱ्यात दोरीवर टाकू नयेत. पूर्ण वाळल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावेत.